मद्यमुक्तीची पहिली सभा : शोध आणि प्रवेश

यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. त्याच नदीच्या पैलतीरावरील चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. आणखी पूर्वेकडील गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. यवतमाळमध्ये अशी जिल्हाव्यापी बंदी नाही; तिची मागणी मात्र येथील महिलांनी अनेक वर्षे लावून धरली आहे. गावापुरता मार्ग शासनाने मोकळा ठेवला आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक मतदारांचा कौल मिळाल्यास परवानाधारक दुकान बंद होते. 'आडवी बाटली' म्हणून हे मतदान महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचित झाले आहे.

तथापि दुकानाला कुलूप लागले म्हणजे गावातील प्रत्येक मद्यपी त्या दिवसापासून मुक्त झाला असे होत नाही. ज्याचे शरीर व मन दारूवर अवलंबून राहिले आहे तो दुसऱ्या गावी जातो, हातभट्टी शोधतो, उधारी करतो. 'सोडायची आहे, पण सुटत नाही' असे सांगणारी माणसे बहुतेक गावांत आढळतात. अशा माणसासाठी उपाय कोणता, तो कोठे मिळतो आणि तेथपर्यंत त्याने पोहोचावे कसे, याची माहिती सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आरोग्यसेविका यांना असणे अगत्याचे आहे. कारण घरातले माणूस सल्ला विचारावयास प्रथम त्यांच्याकडेच येते.

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्यपानामुळे ज्यांना मदतीची गरज आहे अशांची संख्या देशात सुमारे ५ कोटी ७० लाख असल्याचे त्यात नमूद आहे. त्याच अहवालातील दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळण्याचे हे प्रमाण १८० मध्ये एक एवढेच असल्याचे दिसून आले. उपचार अपुरे आहेत हे यामागचे एक कारण खरे; परंतु जे आहेत त्यांच्याही दारापर्यंत माणूस जात नाही, हे दुसरे कारण तितकेच खरे आहे. लाज, अज्ञान आणि अंतर ही त्या वाटेवरील मुख्य धोंड होय. स्वमदत गटाची, म्हणजेच दारू सोडलेल्या व सोडू पाहणाऱ्या माणसांच्या आपापसांतील सभेची, माहिती नेमकी अशा ठिकाणी उपयोगी पडते. या सभेला फी नाही, चिठ्ठी नाही, वयाचा दाखला नाही.

आधी डॉक्टरांकडे

सभेकडे वळण्यापूर्वी एका धोक्याची जाणीव करून देणे आवश्यक आहे. जो मनुष्य कित्येक वर्षे रोज भरपूर दारू पितो, सकाळी उठल्याबरोबर ज्याचे हात थरथरतात आणि घोटभर घेतल्यावरच ते थांबतात, त्याने कोणाच्या आग्रहाखातर एका दिवसात दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत घाम, कंप, उलटी, निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचा संभव असतो. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काही रुग्णांना भ्रम होतो. नसलेली माणसे व किडे दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो. घरचे लोक याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात. ही स्थिती वैद्यकीय तातडीची आहे. डॉक्टर कंप व आकडी आवरणारी औषधे उतरत्या मात्रेत देतात आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन मेंदूला होणारी इजा टाळतात. पाच-सात दिवसांत शरीर सावरते.

म्हणून व्यसन जुने व रोजचे असेल तर प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकृती विभागाचा सल्ला घ्यावा. यात कमीपणा नाही. मद्यावलंबन हा आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मान्य झाले आहे. मधुमेह झालेल्याला गाव शिव्या देत नाही. मात्र मद्यपी रुग्णाला उपदेशाच्या मात्रा प्रत्येकजण पाजतो.

औषधाने शरीर स्वच्छ होते. पुढचे कठीण काम उरते ते आठव्या दिवसापासून, जेव्हा माणूस गावात परततो. तोच पार, तेच मित्र, तोच आठवडी बाजार. कापसाचे चुकारे हाती आले की तीच हाक. हे दिवस निभावून नेण्यास सभा मदत करते.

एका दूरध्वनीतून सुरू झालेले कार्य

या सभांचा उगम अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन या शहरात झाला. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा रोखे व्यवसायातील गृहस्थ काही महिन्यांपूर्वीच दारूपासून दूर झाला होता. १९३५ च्या मे महिन्यात तो धंद्याच्या कामासाठी तेथे गेला. काम फसले. परक्या गावी, हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता आणि शेजारच्या मद्यगृहातून हास्यविनोद ऐकू येत होता. आत शिरण्याऐवजी त्याने स्थानिक धर्मोपदेशकांना दूरध्वनी करण्यास आरंभ केला. त्याला उपदेश नको होता; बोलण्यासाठी आपल्यासारखाच दुसरा एक मद्यपी हवा होता. अशा रीतीने त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी घालून देण्यात आली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांहून अधिक वेळ देणार नाही असे बजावले होते. प्रत्यक्षात दोघे कित्येक तास बोलत बसले. विल्सनने त्यांना एकही उपदेश केला नाही. स्वतःचे काय झाले तेवढेच सांगितले. त्याच वर्षी १० जून रोजी डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला आणि तो दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. पुढे दोघे मिळून रुग्णालयातील तिसऱ्या मद्यपीच्या खाटेपाशी गेले.

ही हकीकत येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की, सभेचे सारे तंत्र तिच्यात आहे. पहिली सभा दोघांची होती, ती दूरध्वनीवरून चौकशी करून शोधावी लागली होती, आणि ती घडवून आणणारी मधली माणसे स्वतः मद्यपी नव्हती. यवतमाळच्या खेड्यातील शिक्षकाचे किंवा पंचायत सदस्याचे स्थान त्या मधल्या माणसाचे आहे.

हे कार्य १९५७ साली मुंबईत सुरू झाले आणि भारतात पसरले. त्याला सामान्यतः 'एए' या दोन अक्षरांनी ओळखतात. महाराष्ट्रात या विचाराला वेगळे बळ मिळाले ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे. डॉ. अनिता अवचट व लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांच्या साह्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले. तेथे उपचार घेणाऱ्यास 'रुग्णमित्र' म्हणतात. उपचार संपवून बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या सभा भरविण्याची पद्धत त्या केंद्राने महाराष्ट्रात रुजविली. विदर्भात गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमाने गावपातळीवरील संघटन आणि तालुक्याच्या ठिकाणचे उपचार यांची सांगड घातली आहे.

गटांचा उपयोग खरोखर होतो काय, हा प्रश्न शासकीय वाचक विचारणारच. २०२० मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २७ अभ्यासांचा, म्हणजे १० हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत एए व तिच्याशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार हे इतर प्रस्थापित उपचारपद्धतींच्या तोडीचे, आणि काही बाबतींत त्यांहून सरस असल्याचा निष्कर्ष त्यात आहे. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील आहेत, हे ध्यानात ठेवावे. तरीही विनामूल्य उपायाविषयी इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

सभा कोठे आहे?

यवतमाळ हा १६ तालुक्यांचा, १३ हजार ५८२ चौरस किलोमीटरांचा जिल्हा. उमरखेड, वणी किंवा झरी-जामणीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून दूर पडते. मुंबई-पुण्यात माणूस कामावरून परतताना वाटेत सभा गाठू शकतो; येथे तीच सभा एक दिवसाची मजुरी आणि एस. टी.चे भाडे घेऊन जाते. म्हणून शोध पद्धतशीर हवा.

सर्वात सोपा आरंभ दूरध्वनीचा. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ ही निःशुल्क आहे. मानसिक आरोग्यासाठीची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध असून तीवर मराठीत बोलता येते. एएचे मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईत आहे व संघटनेच्या संकेतस्थळावरून शहरवार चौकशी करता येते. मनोविकृती विभागातील समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ते यांना आसपासचे गट ठाऊक असतात. कित्येकदा जुने सदस्यच तेथे येऊन रुग्णांना भेटतात. जिल्ह्याच्या सीमेला येथे अर्थ नाही. उमरखेडकरांना नांदेड जवळचे, वणीकरांना चंद्रपूर जवळचे. चौकशी त्या बाजूसही करावी. नागपुरात एएचे गट दीर्घकाळ चालत आले आहेत.

चौकशी करताना काही गोष्टी विचारून घेतल्यास फेरा चुकतो. सभा मराठीत चालते की हिंदीत? ती 'खुली' आहे की 'बंद'? खुल्या सभेस नातेवाईक, शिक्षक, डॉक्टर, कोणीही बसू शकतो; बंद सभा केवळ ज्याला स्वतःला दारू सोडावयाची आहे त्याच्यासाठी असते. पहिल्या वेळी सोबत कोणी जाणार असेल तर खुली सभा निवडावी. ठिकाण पूर्वीचेच आहे ना, हेही विचारावे. गट शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात, एखाद्या संस्थेच्या खोलीत भाड्याने जागा घेऊन बसतात आणि जागा बदलत असतात. चार वर्षांपूर्वीचा पत्ता घेऊन अंधारात गल्ल्या शोधणारा नवखा माणूस परत जातो तो बहुधा सरळ गुत्त्याकडे.

शेवटची चौकशी सभेच्या वेळेची नसून गाडीची असावी. सभा सामान्यतः सायंकाळी भरते व एक ते दीड तास चालते. मुक्कामी एस. टी. त्याआधी सुटत असेल तर परतीची व्यवस्था आधी ठरवावी. रविवारी दिवसा भरणारी सभा असल्यास उत्तम. वार निवडण्याची मोकळीक असेल तर आठवडी बाजाराचा किंवा मजुरी वाटपाचा दिवस निवडावा. त्याच सायंकाळी खिशात पैसा असतो व मोहही असतो. ती सायंकाळ सभेत गेली तर आठवड्यातील अर्धा धोका टळतो.

२०२० नंतर अनेक गट भ्रमणध्वनीवरूनही सभा घेऊ लागले. झरी-जामणी वा मारेगावच्या दूरच्या पोडावर राहणाऱ्यास हा मार्ग उपकारक आहे. परंतु एका खोलीच्या घरात, बायकामुलांसमोर, आपल्या व्यसनाविषयी मोठ्याने बोलणे किती कठीण आहे याची कल्पना सहज करता येईल. निदान पहिली सभा प्रत्यक्ष जाऊन बसावे, असा अनुभवी सदस्यांचा आग्रह असतो. बोलीचाही प्रश्न आहे. कोलाम, गोंड, बंजारा कुटुंबांतील माणसास मराठी समजते, पण दुःख सांगताना तो आपल्या बोलीकडे वळतो. त्याच्या बोलीचा जाणकार सोबती मिळाल्यास फार चांगले. काही आदिवासी समाजांत मोहाच्या मद्याला विधीत स्थान आहे. त्या रूढीची टिंगल करून कोणाचेही व्यसन सुटलेले नाही.

सोबत कोणी जावे? पूर्वी पीत असलेला व आता सोडलेला माणूस गावात असल्यास त्याच्याइतका योग्य सोबती दुसरा नाही. तो नसेल तर भाऊ, मेहुणा, विश्वासातला शिक्षक. सरपंचांनी चार कार्यकर्त्यांसह वाहनातून एखाद्याला 'सोडायला' नेणे टाळावे. जाणारा माणूस तेव्हा रुग्ण न राहता आरोपी होतो.

खोलीच्या आत

नवख्याच्या मनातील भीती तीन-चारच असतात. नाव लिहून घेतील काय? सर्वांसमोर बोलावे लागेल काय? ओळखीचे कोणी भेटेल काय? देवाची शपथ घ्यावी लागेल काय? या प्रश्नांची उत्तरे आधीच मिळाली तर उंबरठा निम्म्याने उतरतो.

खोलीत दहा-वीस खुर्च्या, एखादे टेबल, भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता असतो. बऱ्याच ठिकाणी चहा मिळतो. पंचायत सदस्यांना परिचित असलेल्या सभेहून ही सभा पुष्कळ निराळी आहे. हिला गणपूर्ती लागत नाही, ठराव होत नाहीत, इतिवृत्त लिहिले जात नाही. एक सदस्य त्या दिवसापुरते संचालन करतो. क्षणभर शांतता, छोटी प्रार्थना, संघटनेची ओळख करून देणारा मजकूर, आणि मग एकेकाचे अनुभवकथन. बोलणारा केवळ पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपी असल्याचे सांगून सुरुवात करतो. आडनाव, गाव, जात, हुद्दा विचारला जात नाही. आडनावावरून माणसाची जागा ठरविण्याची सवय असलेल्या समाजात ही एकच गोष्टसुद्धा अनेकांना मोकळी हवा देऊन जाते. सालगडी बोलतो तेव्हा अधिकारी ऐकतो, आणि त्याची कहाणी आपलीच असल्याचे त्याला आढळते.

एकजण बोलत असता दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, खोडून काढत नाही. संत गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून बोलते केले जाई; येथे श्रोत्यास कोणीच प्रश्न विचारीत नाही. पहिल्या दिवशी गप्प बसून ऐकले तरी चालते. 'आज फक्त ऐकणार आहे' एवढे म्हणणे पुरेसे असते. विदर्भातील अनेक गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने सायंकाळची सामुदायिक प्रार्थना चालत आली आहे. ठरल्या वेळी, लहानथोर न पाहता एकत्र बसण्याची ती सवय ज्यांना आहे त्यांना या खोलीची शिस्त परकी वाटणार नाही.

ओळखीचे कोणी भेटलेच तर तेही त्याच कारणासाठी आलेले असते. येथे पाहिलेले व ऐकलेले बाहेर सांगावयाचे नाही, हा नियम प्रत्येक सभेत उच्चारला जातो. देवाविषयी सांगावयाचे तर बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, परंतु तो ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा असे तेथेच म्हटले आहे. कोणी विठ्ठल म्हणतो, कोणी अल्ला, कोणी तथागताचा मार्ग, आणि देव न मानणारा समोर बसलेल्या गटालाच आपले बळ मानतो. सभासदत्वाची अट एकच आहे : दारू सोडण्याची इच्छा. त्या दिवशी पिऊन आलेल्यासही हाकलले जात नाही. शांत बसण्याची विनंती मात्र केली जाते. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो व सदस्य यथाशक्ती पैसे टाकतात. नवख्याने टाकलेच पाहिजेत असे नाही.

शपथेची बाब महत्त्वाची आहे. आपल्याकडे माळ घालून, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, देवळाच्या पायरीवर जन्मभराची शपथ घेण्याची चाल आहे. काहींना ती तारते, हे खरे. परंतु जिचा भंग झाला अशी शपथ माणसाला दुहेरी अपराधी करते. दारूचा दोष आणि वर शब्द मोडल्याचा दोष. या दुसऱ्या दोषाच्या भाराने तो पुन्हा पितो. सभेत जन्माची भाषा नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच ठरवावयाचे असते. उद्याचे उद्या. पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व कळावयास अवघड जात नाही. तोही पाऊस पाहूनच रोजचे काम ठरवितो.

सभा सुटल्यावरची दहा मिनिटे कधी कधी सभेइतकीच मोलाची असतात. जुने सदस्य नवख्याला आपला दूरध्वनी क्रमांक देतात. तो खिशात ठेवून चालणार नाही. मोह झाल्यावर पहिल्या घोटाच्या आधी तो फिरवावयाचा असतो. पहिल्याच सभेने मन भरेल असे नाही. एखाद्या गटात बोलणारे फार शहरी वाटतात, एखाद्यात माणसे थोडी असतात. किमान पाच-सहा सभा बसून आणि शक्य तर दुसरा गट पाहून मत बनवावे, असे सांगितले जाते व ते रास्त आहे. मधे पाय घसरला तरी पुन्हा यावे. पडून आलेल्याला त्या खोलीत कोणी टाकून बोलत नाही.

घरच्यांसाठी

घरात एक पितो आणि सारे आजारी पडतात. पत्नी बाटल्या लपविते, उधारी फेडते, कामावर 'ताप आहे' असा निरोप पाठविते, आणि सासरचे लोक तिलाच कारण ठरवितात. नातेवाइकांसाठी 'अल-अॅनॉन' या नावाचे स्वतंत्र गट आहेत. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. पतीचे पिणे आपल्यामुळे सुरू झाले नाही आणि आपल्या धाकाने ते थांबणारही नाही, हे तेथे ऐकून अनेकींच्या डोक्यावरचे ओझे उतरते. पती सभेस जाण्यास राजी नसेल तरी पत्नीला आपल्या गटात जाता येते. कित्येक घरांत आरंभ तिच्यापासूनच होतो.

मारहाण होत असेल तर सभेची वाट पाहू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि तातडीच्या वेळी ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकाची मदत घेता येते. व्यसन हा आजार आहे, म्हणून मार सोसावा असा अर्थ कोणी काढू नये. दारू पिणाऱ्या स्त्रियांचा विचार तर गावात होतच नाही. त्यांची लाज पुरुषांहून अधिक आणि वाट अधिक एकाकी. त्यांच्यासाठी मदतवाहिनीचा मार्ग व स्त्री सोबती या गोष्टी अत्यावश्यक समजाव्यात.

पंचायतीने काय करावे, काय टाळावे

एखाद्याने सहा महिने दारू सोडली की उत्साही ग्रामपंचायत १५ ऑगस्टला त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करते. हेतू चांगला असला तरी प्रथा घातक आहे. गुप्तता जाते, साऱ्या गावाची नजर त्याच्यावर रोखली जाते आणि पुढे एकदा पाय घसरला तर तोंड दाखवावयास त्याला जागा उरत नाही. त्याच्या हाती रोजगार हमीचे काम मिळेल, मुलांची शाळा सुरळीत होईल, जुन्या उधारीच्या हप्त्यांसाठी सावकाराशी कोणी बोलेल, हे सत्कारापेक्षा अधिक उपयोगी. कर्मचारी मद्यपी असल्यास कार्यालयप्रमुखांनी उपचारासाठी रजा व सभेसाठी सवड द्यावी. आडगावी बदली करून प्रश्न केवळ दुसऱ्या गावी पाठविला जातो.

गट काढावयाचा झाल्यास अनुदानाची तरतूद शोधण्याचे कारण नाही. एए बाहेरची देणगी स्वीकारीत नाही. सदस्यांच्या वर्गणीवरच गट चालतो व जागेचे भाडे तो स्वतः देतो. तालुक्याच्या ठिकाणी दोन माणसे नियमित बसू लागली तरी गट सुरू झाला असे मानतात. पंचायतीकडून अपेक्षा माफक आहे : आठवड्यातून एका ठरलेल्या सायंकाळी समाजमंदिराची किंवा शाळेची एक खोली अल्प भाड्याने मिळावी, दिवा असावा, किल्ली वेळेवर मिळावी आणि त्या तासात कोणी पदाधिकारी डोकावू नये. फलकावर सूचना लिहिताना 'दारुड्यांची सभा' असे शब्द घालू नयेत. वार, वेळ, ठिकाण आणि चौकशीचा एक क्रमांक एवढा मजकूर पुरे.